घुमटाखालचे रहिवासी

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरचा मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. होऊन पुढील शिक्षणासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रुजू झाली, की घरच्यांना थोड्याच महिन्यांत एक गोष्ट उमगते. मूल तासाभराच्या अंतरावर असते, पण घरी येत नाही. सणाला येत नाही, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला येत नाही आणि कधी आलेच, तर ताटावर बसल्याबसल्या पेंगते. आई विचारते, 'अरे, ही कसली नोकरी?' नोकरी नव्हे, शिक्षण, असे उत्तर मिळते. मुलाच्या गळ्यातील ओळखपत्रावर 'रेसिडेंट डॉक्टर' असे लिहिलेले असते. निवासी डॉक्टर! कोठला निवासी? घरचा तर खासच नव्हे.

जुन्या मुंबईकरांच्या तोंडी 'हाउसमन' आणि 'रजिस्ट्रार' हे शब्द असत. ते इंग्रजांकडून आलेले. 'रेसिडेंट' हा शब्द या अर्थाने अमेरिकेत रूढ झाला आणि ज्यांनी तो रूढ केला त्यांना तो अक्षरशः अभिप्रेत होता. डॉक्टरने रुग्णालयात राहावयाचे. तेच त्याचे घर. या शब्दामागे एक करार होता. रुग्णालयाने तरुण डॉक्टरला छप्पर, अन्न आणि गुरू द्यावयाचा; त्या बदल्यात त्याने आपल्या आयुष्यातील काही वर्षे पूर्णपणे रुग्णांच्या स्वाधीन करावयाची. या कराराचे पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स नावाचा क्वेकर पंथाचा एक व्यापारी होऊन गेला. १८७३ साली तो निवर्तला तेव्हा एक विद्यापीठ व एक रुग्णालय यांसाठी त्याने सत्तर लाख डॉलर्स मागे ठेवले होते. रुग्णालयाचे दरवाजे ७ मे १८८९ रोजी उघडले. विटांची भव्य इमारत, मध्यभागी उंच घुमट आणि त्या घुमटाच्या इमारतीतच वरच्या बाजूस तरुण डॉक्टरांच्या खोल्या. १८९६ साली घुमटाखाली प्रभू येशूचा साडेदहा फूट उंचीचा संगमरवरी पुतळा उभारण्यात आला. डेन्मार्कचा शिल्पकार थॉरवाल्डसन याच्या विख्यात शिल्पाची ती प्रतिकृती. हात पसरून प्रभू उभा आहे. रात्री-अपरात्री वॉर्डाकडून खोलीकडे जाणाऱ्या डॉक्टरची वाट त्याच्या पायांशी होती. आजही तेथून जाणारे रुग्ण आणि त्यांचे आप्त त्या पायांना हात लावतात, पायाशी चिठ्ठ्या ठेवतात. क्वेकराच्या दानातून उभ्या राहिलेल्या घरात हे दृश्य आपल्याला इतके ओळखीचे वाटावे, याची मला नेहमी गंमत वाटते.

त्यापूर्वी अमेरिकेत डॉक्टर होणे फार सोपे होते. बहुतेक महाविद्यालयांत काही महिन्यांची व्याख्याने ऐकावयाची, पुढील वर्षी बव्हंशी तीच पुन्हा ऐकावयाची आणि पदवी घेऊन बाहेर पडावयाचे. एकाही रुग्णाच्या छातीला कान न लावता माणूस डॉक्टर होऊ शकत असे. ज्यांच्याजवळ पैसा होता ते व्हिएन्ना किंवा बर्लिनला जात. तेथे प्राध्यापकाच्या हाताखाली सहायक म्हणून वर्षानुवर्षे रुग्णालयात काम करण्याची पद्धत होती. हॉपकिन्स रुग्णालयाचे पहिले वैद्यकप्रमुख विल्यम ऑस्लर यांनी ती अमेरिकेत आणली व तिला आपले वळण दिले.

ऑस्लर हे कॅनडातील एका अँग्लिकन धर्मगुरूचे पुत्र. धर्मगुरू होण्याच्या इराद्याने त्यांनी शिक्षणास आरंभ केला होता. मग मन वैद्यकाकडे वळले. विद्यार्थ्याला वर्गातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेणे हे त्यांचे खरे कार्य. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकविले, एवढेच आपल्या थडग्यावर लिहिले जावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती; वस्तुतः १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाने त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली होती. त्यांच्या व्यवस्थेत पदवीनंतर वर्षभर इंटर्न, मग निवडक काही सहायक निवासी आणि त्या सर्वांवर एक निवासी डॉक्टर. इंटर्नला पगार नसे. राहणे, जेवणे आणि कपडे धुऊन मिळणे, एवढीच प्राप्ती. विवाहिताला तेथे जागा नाही असा संकेत होता. ब्रह्मचर्य, अकिंचनता आणि वरिष्ठांचे आज्ञापालन! आपल्या वाचकांना या तीन गोष्टी एकत्र कोठे आढळतात हे सांगावयास नको.

शस्त्रक्रिया विभागात ही पद्धत अधिक कठोर झाली. विभागप्रमुख विल्यम हॉल्स्टेड हे विलक्षण गृहस्थ. अंगावरचे शर्ट ते पॅरिसला धुण्यासाठी पाठवीत असे सांगतात. शस्त्रक्रियेत ऊतींना हळुवारपणे हाताळावे, रक्ताचा थेंबन्‌थेंब वाचवावा, टाके रेशमी धाग्याने बारीक घालावेत, ही त्यांची शिकवण. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन हिचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटू लागले, तेव्हा त्यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. ही गोष्ट १८८९-९० च्या हिवाळ्यातील. १८९० साली त्यांनी तिच्याशी विवाह केला. आज जगातील प्रत्येक शल्यविशारद जे हातमोजे चढवितो, त्यांचा उगम असा एका परिचारिकेच्या हातांविषयीच्या काळजीत आहे.

हॉल्स्टेड यांच्या जीवनाला एक काळी बाजूही होती. तरुणपणी, १८८४-८५ च्या सुमारास, कोकेनने शरीराचा भाग बधिर करता येतो का याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि ते व्यसनात सापडले. उपचारांत कोकेनऐवजी मॉर्फिन आले आणि ते मात्र सुटले नाही. ऑस्लर यांना हे ठाऊक होते. त्यांनी ते लिहून ठेवले, परंतु ती नोंद १९६९ साली उजेडात आली. निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाचा आराखडा ज्यांनी आखला ते गृहस्थ स्वतः अधूनमधून आठवडेच्या आठवडे रुग्णालयातून अदृश्य होत आणि त्यांचा सर्व भार त्यांचा प्रमुख निवासी वाहत असे. पुढील काळात ही पद्धत पवित्र मानणाऱ्यांनी तिच्या जन्माची ही हकीकत ध्यानात ठेवावयास हवी होती.

हॉल्स्टेड यांच्याकडे मुदत ठरलेली नव्हती. तुम्ही तयार झालात असे गुरूला वाटेल तेव्हा तुम्ही तयार. खाली अनेक, वर एक, अशी ती उतरंड होती. मधल्या मधल्या पायरीवर माणसे गळत. १९२२ साली हॉल्स्टेड वारले तोवर शिखरावर पोहोचलेले प्रमुख निवासी केवळ सतरा होते. त्यांपैकी अनेकांनी अन्यत्र अशाच शाळा काढल्या, आणि बाल्टिमोरच्या घराचा वंश देशभर पसरला. हार्वे कुशिंग याच घरात तयार झाले व मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक ठरले.

स्वतंत्र वैद्यकशाखा कशा जन्मास आल्या याची एक मजेदार कथा ह्यू यंग यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. १८९७ साली रुग्णालयाच्या एका बोळातून ते धावत जात असता वळणावर हॉल्स्टेड यांच्यावरच आदळले. हॉल्स्टेड म्हणाले, बरे झाले भेटलात, मूत्रविकारांचा विभाग तुम्ही सांभाळावा असे आमचे ठरले आहे. यंग म्हणाले, मला त्यातले काहीच येत नाही. ते आम्हांस ठाऊक आहे, पण तुम्ही शिकाल, असे उत्तर मिळाले. अमेरिकेतील मूत्ररोगशास्त्राचे हे अध्वर्यू! अशा धक्क्यांतून शाखा निघाल्या. परीक्षा घेऊन विशेषज्ञाचा दाखला देणारे पहिले मंडळ नेत्ररोगांचे, १९१६-१७ मधील. नंतर नाक-कान-घसा, स्त्रीरोग व प्रसूती, त्वचारोग आणि १९३६-३७ मध्ये अंतर्गत वैद्यक व शस्त्रक्रिया. मुदतीची वर्षे ठरली, पगारही हळूहळू आले. बोस्टनच्या एडवर्ड चर्चिल यांनी १९४० च्या आसपास उतरंड मोडली. जितके घ्यावयाचे तितक्यांना शेवटपर्यंत शिकवावयाचे, असा चौकोनी आराखडा त्यांनी मांडला आणि पुढे तोच रुळला.

पण ज्या वर्षी बाल्टिमोरचे दरवाजे उघडले, त्याच १८८९ साली त्याच देशात दुसरे एक घर उभे राहिले होते. आपल्या दृष्टीने ते अधिक जवळचे. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर हे लहानसे गाव. २१ ऑगस्ट १८८३ रोजी तेथे भयंकर चक्रीवादळ झाले. जखमींची शुश्रूषा करण्यास गावात रुग्णालय नव्हते. संत फ्रान्सिसच्या संघाच्या धर्मभगिनी तेथे शाळा चालवीत. त्यांनी आपले घर उघडले. वादळानंतर मठाध्यक्षा मदर आल्फ्रेड यांनी वृद्ध डॉक्टर मेयो यांना गाठले. आम्ही रुग्णालय बांधतो, तुम्ही व तुमचे मुलगे ते चालवा. डॉक्टरांना वाटे, एवढ्याशा गावाला रुग्णालय पेलणार नाही. भगिनींनी पोटाला चिमटे घेऊन पैसा जमविला आणि सहा वर्षांनी सेंट मेरीज रुग्णालय सुरू झाले. मेयो बंधूंचे नाव पुढे जगभर झाले. १९१५ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या जोडीने विशेषज्ञ घडविणारा जो रीतसर शिक्षणक्रम त्यांनी सुरू केला, तो त्या देशातील पहिल्या काही शिक्षणक्रमांत गणला जातो.

तेथील सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी यांच्याविषयी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या मूळच्या शिक्षिका. शुश्रूषेचे शिक्षण त्यांना रुग्णालयातच मिळाले. १८९० पासून १९१५ पर्यंत, पंचवीस वर्षे, त्या डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियेतील पहिल्या सहायक होत्या. हे काम अन्यत्र निवासी डॉक्टर करी. शिवाय १८९२ पासून मृत्यूपर्यंत रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना त्यांना आढळले की, काहींच्या बेंबीत एक कठीण गाठ हाताला लागते आणि अशा रुग्णाच्या पोटात बहुधा पसरलेला कर्करोग निघतो. त्यांनी ते डॉक्टरांच्या ध्यानी आणून दिले. १९४९ साली हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यविशारदाने आपल्या ग्रंथात त्या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ यांचेच नाव दिले. आजही मुंबईच्या वॉर्डात परीक्षक विद्यार्थ्याला हे नाव विचारतात. त्या नावामागे एक धर्मभगिनी आहे हे किती जणांना ठाऊक असते कोण जाणे! सिस्टर १९३९ च्या मार्चमध्ये गेल्या. त्याच वर्षी दोघे मेयो बंधूही गेले.

पंचवीस वर्षे शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या या स्त्रीला डॉक्टर होता आले नसते, याला एक कारण आपल्या घरातलेही आहे. व्रतस्थांनी वैद्यकीचा, विशेषतः प्रसूतीचा व्यवसाय करू नये, असा ख्रिस्तसभेचा जुना दंडक होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाउरी यांनी १९११ साली न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे निवासी डॉक्टर म्हणून काम केले, मेलबर्नमध्ये व्यवसाय केला, एम.डी. मिळविली आणि १९२० साली त्या आंध्रातील गुंटूर येथे येशू-मरिया-योसेफ संघात दाखल झाल्या. धर्मभगिनी होऊनही डॉक्टरकी चालू ठेवण्यासाठी त्यांना पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची खास परवानगी घ्यावी लागली. हजारो माउल्यांना तपासणाऱ्या या भगिनीने १९४३ साली भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी १९२५ साली वैद्यकीय मिशनरी भगिनींचा संघ काढला, तोही प्रारंभी पूर्ण व्रतांवाचून. दंडक शिथिल झाला तो ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्डमातेच्या सणाच्या दिवशी. तोवर किती बुद्धिमान भगिनी केवळ 'सहायक' राहिल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता मूळ कराराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रुग्णालये वाढली, विशेषज्ञ होऊ इच्छिणारे वाढले, औषधे व यंत्रे वाढली. ऑस्लर यांच्या वॉर्डात रुग्ण आठवडेच्या आठवडे पडून असे आणि डॉक्टरला त्याच्यापाशी बसण्यास उसंत होती. नव्या काळात रुग्ण भराभर येऊ-जाऊ लागले, प्रत्येकाचे काम चौपट झाले. घुमटाखालच्या खोल्या गेल्या. डॉक्टर विवाहित झाला, भाड्याच्या घरात राहू लागला. वरिष्ठ रात्री घरी जाऊ लागले. करारातले छप्पर गेले, गुरूही रात्रीपुरता गेला. छत्तीस तासांची पाळी मात्र तशीच राहिली. तिला आता परंपरा म्हणू लागले.

४ मार्च १९८४ च्या रात्री लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप व अस्वस्थपणासाठी न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात दाखल झाली. तिला तपासले ते एक इंटर्न आणि दुसऱ्या वर्षाचा एक निवासी यांनी. तिला नैराश्यावरील फेनेल्झिन हे औषध चालू होते. थरथर थांबावी म्हणून पेथिडीन टोचण्यात आले. या दोहोंचे एकमेकांशी वैर आहे. इंटर्नकडे त्या रात्री आणखी सुमारे चाळीस रुग्ण होते. मुलगी बेभान झाली, तिला बांधून ठेवण्याची आज्ञा दूरध्वनीवरून गेली, पहाटे तिचा ताप १०७ अंशांवर चढला आणि ती गेली. कोणीही वरिष्ठ डॉक्टर रात्रभरात तिच्या खाटेपाशी आला नव्हता.

तिचे वडील सिडनी झायन हे वकील आणि पत्रकार. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९८६ साली न्यायपंचांनी डॉक्टरांवर गुन्हा ठेवला नाही; व्यवस्थेवर ठपका ठेवला. डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्यास ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा आली. २००३ साली ८० तासांचा नियम सर्व देशास लागू झाला. युरोपने तर २००९ पर्यंत ४८ तास गाठले. लोकांच्या ध्यानात तास राहिले. परंतु वरिष्ठाने रात्रीही हजर राहावे, हा मुद्दा बेल यांना तासांहून महत्त्वाचा वाटत असे, आणि माझ्या मते ते बरोबर होते.

तास कमी केल्याने रुग्ण वाचले काय? २०११ साली अमेरिकेने इंटर्नची सलग पाळी १६ तासांवर आणली आणि २०१७ साली पुन्हा २४ वर नेली. मधल्या काळात शस्त्रक्रिया आणि अंतर्गत वैद्यक या शाखांत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१६ व २०१९ साली आले. काटेकोर पाळ्या व सैल पाळ्या यांत रुग्णांच्या मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. सैल पाळ्यांतील तरुण डॉक्टर मात्र आपल्या घरच्या आयुष्याविषयी अधिक असमाधानी होते. दोन्ही पक्ष हिरमुसले. पाळी लहान केली की रुग्ण अधिक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्या देवघेवीत काहीतरी सांडते, हे त्याचे एक कारण सांगतात.

या देवघेवीवरून मला चांगल्या शोमरोन्याची कथा आठवते. आपण त्याच्या दयेविषयी पुष्कळ प्रवचने ऐकतो. पण त्याने दुसऱ्या दिवशी काय केले याकडे फारसे लक्ष देत नाही. रात्रभर त्याने त्या जखमी माणसाची काळजी घेतली. सकाळी तो आपल्या वाटेने गेला. जाताना मात्र त्याने उतारशाळेच्या मालकाला बोलावून रुग्ण नीट सोपविला, दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. तो कायमचा खाटेपाशी बसून राहिला नाही, म्हणून त्याची दया कमी ठरत नाही. त्याने सोपविण्याचे काम चोख केले. अमेरिकेतील रुग्णालयांत आता हे सोपविणे स्वतंत्रपणे शिकवितात.

आपल्याकडे काय? ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ चे, सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय १९२६ चे. त्यांच्या वॉर्डांनी गेल्या शंभर वर्षांत जे डॉक्टर घडविले त्यांची जगभर वाखाणणी होते, कारण आपला निवासी डॉक्टर एका वर्षात जितके रुग्ण पाहतो तितके परदेशातील डॉक्टरला क्वचितच पाहावयास मिळतात. १९९२ साली केंद्र शासनाच्या एकसमान निवासी योजनेत लिहिले गेले की सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक असू नये आणि आठवड्याची सुटी पाळीपाळीने मिळावी. कोणत्याही निवासी डॉक्टरच्या आईला हे वाक्य वाचून दाखवावे. ती काय म्हणते ते ऐकावे.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. छत्तीस तासांच्या पाळीत थोडा वेळ पाठ टेकण्यासाठी ती सेमिनारच्या खोलीत गेली होती. झोपण्यासाठी सुरक्षित अशी वेगळी जागा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली, देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, मुंबईचेही आले. त्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाचा अहवालही पुढे आला. त्यात आठवड्यास ७४ तासांची मर्यादा, एक दिवस सुटी आणि रोज सात-आठ तासांची झोप अशी शिफारस आहे. १९९२ च्या कागदावर त्याहून कमी तास लिहिले होते.

बाल्टिमोरच्या त्या पहिल्या निवाशांना पगार नव्हता, संसार नव्हता, सुटी नव्हती. पण घुमटाच्या इमारतीत प्रत्येकाला एक खोली होती आणि तिला दार होते.